कागद कुठं संपतो

—नाही, नाही, ते दार दोनशिवाय उघडत नाही. ठोठावू नकोस, आत माणूस आहे, पण तो जेवतोय. बस इथं. थांब, ही पर्स उचलते—हं, बस. पासवर्ड विसरलीस? नाही? मग पहिल्यांदाच नाव घातलंयस? कुठला कोर्स, बघू तो कागद... अगंबाई. वाचनाचा. घरबसल्या. होलब्रुकबाईंचा. —काही नाही गं, चांगल्या आहेत बाई. मी त्यांना समोरासमोर कधी पाहिलेलं नाही, व्हिडिओतच बघते, आणि व्हिडिओतही अर्धा वेळ त्यांचं मांजरच पुढं येतं. पण चांगल्या आहेत. मी त्यांचा कोर्स करतेय ना. दुसऱ्यांदा. म्हणजे पहिल्यांदाच—ते जाऊ दे. वही आहे? काढ. तो आतला माणूस तुला लॉगिन कसं करायचं ते दाखवील, पास कसं व्हायचं ते त्याला ठाऊक नाही. ते मला ठाऊक आहे. माझं काम समोरच्या दारात, दोन वाजताच, म्हणजे आपल्याकडं पंचवीस मिनिटं आहेत. —कसलं काम? असंच. एक सही करायचीय. सून आलीय सोबत, मशीनमधून काहीतरी प्यायला आणायला गेलीय. आठवा महिना चाललाय तिचा, एवढे जिने चढू नयेत, पण ऐकते कुठं. गाडीसुद्धा तीच चालवत आली. बावीस वर्षं मी शाळेची बस चालवतेय या डोंगरातल्या रस्त्यांवरून, आणि ती मला म्हणते, आई, आज तुम्ही नका चालवू. लिही.

पहिली गोष्ट. कोर्स ज्या दिवशी उघडतो त्याच दिवशी आत जायचं. घरबसल्या म्हटलं की लोकांना वाटतं, सवडीनं बघू. सवड असते कुणाला? माझी चौदा नंबरची बस पावणेसहाला निघते, मुलं शाळेत सोडीपर्यंत साडेआठ, परत आणायला अडीच—आज रजा टाकलीय—मधला वेळ तेवढा माझा. आणि आमच्या दरीत नेट येत नाही. साधा फोन करायचा तर चर्चच्या टेकाडावर जावं लागतं, तिथं गाड्यांची रांग असते, लोकांना वाटतं आम्ही फार देवभोळे. मग मी काय केलं? रिकामी बस वाचनालयाच्या मागच्या आवारात नेऊन उभी केली. त्यांचं वायफाय चौथ्या सीटपर्यंत येतं. पाचव्या सीटवर नाही येत. तर मी चौथ्या सीटवर बसून कॉलेज केलं, गुडघे पुढच्या पाठीला टेकवून—त्या सीटा सात वर्षांच्या मुलांच्या मापाच्या असतात. तुझ्या घरी नेट आहे? आहे ना? मग तुला कारणच उरलं नाही.

आणि पहिल्याच आठवड्यात परिचय लिहायचा. एक चर्चेचं पान असतं, तिथं सगळ्यांनी मी कोण, कुठली, कशाला आले, असं लिहायचं. शुक्रवारपर्यंत नाही लिहिलं तर नाव काढून टाकतात. फोन नाही, विचारणं नाही, तू आलीच नाहीस असं धरतात आणि जागा दुसऱ्याला देतात. माझ्या मुलाचं होता होता राहिलं. कोल्बीचं. गेल्याच्या मागच्या वर्षी. त्याला विजेच्या तारांचं काम शिकायचं होतं, खांबावर चढतात ना ते, आणि प्रवेशाच्या परीक्षेत तो वाचनात पडला, तेव्हा म्हणाले, आधी हा कोर्स पास करून ये, मग घेतो. त्यानं नाव घातलं, आणि त्याच आठवड्यात दोन राज्यं पलीकडं वादळ झालं, गेला हा पडलेली झाडं कापायला. तिथं ना फोन ना काही. गुरुवारी मला आठवलं. आता जागा जाऊ द्यायची? मग मी त्याच्या नावानं आत गेले. पासवर्ड म्हणजे कुत्र्याचं नाव, आमच्या घरात सगळ्याचा पासवर्ड कुत्र्याचं नावच आहे. लिहिलं—मी कोल्बी प्रुइट. मला शिकार आवडते. वाचन आवडत नाही. आईनं ढकललं म्हणून आलो. सगळं खरं होतं. तेवढंच करायचं होतं मला, जागा धरून ठेवायची. —हे नको लिहूस. वरचं शुक्रवारचं लिही.

दुसरी. सिलॅबस शेवटपर्यंत वाच. अकरा पानं आहेत, कुणीही वाचत नाही. पण अकराव्या पानावर, गृहपाठ उशिरा दिला तर किती गुण कापणार त्याच्याही खाली, बारीक अक्षरात एक ओळ आहे—इथवर पोचला असाल तर तुमच्या घरातल्या प्राण्याचं नाव मला कळवा. तुला मांजर आहे? मग तयार ठेव नाव. आमच्या वेळी—त्याच्या वेळी—सव्वीस जणांत तिघांनी कळवलं, आणि बाईंनी तिघांची नावं पानावर जाहीर केली. एक सैन्यातून निवृत्त झालेले आजोबा. एक लेसी नावाची मुलगी. आणि कोल्बी प्रुइट. कोल्बीनं तोवर कोर्स उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. आणि मी बाईंना आपला पासवर्डच कळवून बसले, हे माझ्या लक्षात आलं पुढच्या सोमवारी.

हो हो, परत आला ना तो. तिसऱ्या आठवड्यात आला. मी म्हटलं, घे बाबा, तुझी जागा ठेवलीय, दोन चाचण्या झाल्यात, दोन्हीत पैकीच्या पैकी आहेत, आता तू बघ. त्यानं पडद्याकडं बघितलं, उताऱ्यातला मुख्य विचार ओळखा असं काहीतरी होतं, आणि म्हणाला, "आई, तुझं बरं चाललंय की, तूच कर." आणि फ्रिज उघडला. आता तिथं मी रागवायला पाहिजे होतं. दुसरी कुठलीही आई रागावली असती. मी एवढंच म्हटलं की मका पुढं आहे, मागचा डबा कालचा आहे. खरं सांगू का? तीन आठवडे मला धाकधूक होती की हा परत येईल आणि स्वतःच करतो म्हणेल. —हेही नको लिहूस. तू भलतंच लिहितेस गं.

हे लिही. उतारा वाचायच्या आधी खालचे प्रश्न वाच, म्हणजे काय शोधायचं ते कळतं. हातात पेन्सिल हवी. पडद्यावर वाचत असलीस तरी शेजारी कागद आणि पेन्सिल हवी, नाहीतर डोळे नुसते ओळींवरून घसरत जातात आणि मन स्वयंपाकघरात. शब्द अडला तर थांबू नकोस, त्याच्या दोन्ही बाजूचे शब्द वाच, शेजाऱ्यांना विचारलं की माणूस कसा आहे ते कळतंच. आणि मुख्य विचार—त्याला सगळे घाबरतात. घाबरायचं काय त्यात? माझ्या बसमध्ये मागं भांडण झालं की चाळीस पोरं चाळीस गोष्टी ओरडून सांगतात, यानं चिमटा काढला, त्यानं टोपी फेकली, आणि मुळात काय असतं? कुणीतरी कुणाची खिडकी घेतलेली असते. खिडकी हा मुख्य विचार. टोपी आणि चिमटे हे तपशील. मी बाईंना हे असंच लिहिलं होतं, कोल्बीच्या नावानं, आणि बाईंनी समासात लिहिलं, कोल्बी, तू बस चालवतोस का?

मग येतं अनुमान. चौथ्या आठवड्यात. म्हणजे लिहिणाऱ्यानं लिहिलेलं नसतं, पण असतं तिथंच. बघ, माझ्या बसमध्ये एक छोटी चढते, पहिलीतली, दर सोमवारी चढल्या चढल्या डबा उघडून सगळं खाऊन टाकते, पावणेसात वाजता, जेवणाच्या सुट्टीसाठी काही उरत नाही. मंगळवारी नाही खात. बुधवारी नाही. मला कुणी काही सांगितलेलं नाही. पण शनिवार-रविवार त्या घरात काय असतं ते मला कळलंय. मी सोमवारी एक जादा पाव ठेवते पुढं. हे अनुमान. सगळ्यांना येतं, फक्त कागदावर आलं की बावचळतात लोक.

आणि दर आठवड्याला दोघांना उत्तर द्यायचं. हा नियम विसरू नकोस, निम्मे लोक इथंच मार खातात. आपलं लिहिलं की झालं असं नाही, दुसऱ्या दोघांचं वाचून त्यांना उत्तर लिहायचं, आणि "छान लिहिलंस" म्हटलेलं चालत नाही, तीन वाक्यं पाहिजेत. तर मला—कोल्बीला—त्या लेसीचं बरं वाटायचं. ती नीट वाचायची. एकदा उताऱ्यातली म्हातारी दार उघडं ठेवून का झोपते असा प्रश्न होता, सगळ्यांनी लिहिलं, विसरभोळी असेल. लेसीनं लिहिलं, कुणीतरी यायचं राहिलंय. मी बसमध्ये एकटीच "शाब्बास" म्हटलं मोठ्यानं. मग मी तिला लिहायची, ती मला. म्हणजे कोल्बीला. तीन वाक्यांचा नियम, आमची तीस व्हायची. माझं लग्न एकोणीस वर्षं टिकलं, त्यात नवऱ्याशी एवढं बोलणं झालेलं नाही.

सहाव्या आठवड्यात मोठा निबंध असतो. तुलाही येईल. वाचनाची माझी पहिली आठवण. —सांगू काय लिहिलं? तुला कळलं पाहिजे कसं लिहायचं ते, म्हणून सांगते. माझे बाबा खाणीत होते. त्यांना अक्षरओळख नव्हती, सही म्हणजे फुली. छातीत धूळ बसलेली, दोन पायऱ्या चढले की टेकायचे. मी नऊ वर्षांची असताना कंपनीच्या ऑफिसातून पत्र आलं. आई नव्हती घरी, बाबांनी मला स्वयंपाकघरात उभं केलं आणि पत्र हातात दिलं. डिसेंबर होता, पायाखालची फरशी गारठलेली, मी अनवाणी, एक पाय दुसऱ्यावर ठेवून वाचत होते, बोट ओळीवर ठेवून. वरचं बरं होतं. आपली तपासणी झाली, आपला कागद मिळाला, वगैरे. खाली मोठा परिच्छेद होता, बारीक अक्षरात, एकेक शब्द हा एवढा लांब. मला एकही वाचता येईना. मी थांबले. बाबा म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच."

त्यांनी पत्र घडी घालून डब्यात ठेवलं. ते जे खाली होतं, त्यात लिहिलं होतं की साठ दिवसांत उत्तर पाठवा, नाहीतर भरपाईवरचा तुमचा हक्क संपला. मी सोळा वर्षांची झाले तेव्हा डबा उघडून वाचलं. तोवर ते परत खाणीत जाऊन आणखी झिजलेले. पुष्कळ वर्षं मी बोलले नाही. मग शेवटी शेवटी, दवाखान्यात, मी त्यांना सांगितलं की बाबा, मी त्या दिवशी खालचं वाचलंच नव्हतं. तर म्हणाले, "ठाऊक आहे." म्हणाले, "मला अक्षरं येत नाहीत, पण कागद कुठं संपतो ते दिसतं की. तुझं बोट वरच थांबलं होतं." मी म्हटलं, मग विचारलं का नाही मला? तर म्हणाले, "तुला घाम फुटला होता."

हं. —नाही, मला काही नको, रुमाल तुझाच ठेव. निबंध असा लिहायचा बघ, शेवटचं वाक्य बोलून झालं की पुढं काही जोडायचं नाही. बाईंनी पैकीच्या पैकी दिले, कोल्बीला. मी फक्त बाबांच्या जागी आजोबा केलं होतं. कोल्बीनं आजोबांना पाहिलेलंच नाही, तो जन्मायच्या चार वर्षं आधी गेले ते, पण हे कोण तपासतंय? आणि लेसीनं उत्तर लिहिलं, मी रडले, माझे आजोबाही खाणीतलेच. असा मुलगा मी पाहिलेला नाही म्हणाली, ज्याला एवढं कळतं. आता यावर मी काय लिहिणार? धन्यवाद लिहिलं. दोन वाक्यं आणखी पाहिजेत, म्हणून हवेबद्दल लिहिलं.

शेवटची परीक्षा मात्र इथं येऊन द्यावी लागते, ओळखपत्र दाखवून. तिथं कोल्बीलाच यावं लागलं. शंभरात एकेचाळीस. पण बाकीचे गुण एवढे होते की निभावलं. आणि परीक्षेच्या दाराशी ती उभी. लेसी. नाव वाचून तिनं ओळखलं. त्याला घेऊन गेली जेवायला, दोन तास बसली त्याच्यासमोर, आणि हा काही बोललाच नाही. बोलतच नाही तो, लहानपणापासून. तिला वाटलं, किती खोल आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये लग्न झालं. —हो. तीच. तीच खाली प्यायला आणायला गेलीय. तू तोंड मीट आधी.

वाईट नाही गं तो. खांबावर चढतो, वादळात चढतो, बायकोला जपतो, पाळणा स्वतः केलाय त्यानं. पण लेसी कधी कधी म्हणते त्याला, तू लिहायचास तसं बोल ना रे. तो म्हणतो, ते तेव्हाचं. आणि मी ताटं उचलते. रविवारी येतात ना जेवायला, बीन्स आणि मक्याचा पाव करते मी, तिला आवडतो. मी टेबलाशी बसलेली असते आणि ती त्याच्याकडं बघत वाट बघते की हा कधीतरी तसं काही बोलेल. तो म्हणतो, मीठ दे. आणि मला येत असतं, तिथं काय बोलायला पाहिजे ते. जिभेवर असतं. मी ताटं उचलते.

आता तू विचारशील मी परत कशाला नाव घातलं. नाही विचारणार? तरी सांगते. माझे गुडघे संपले. क्लच दाबताना डोळ्यांपुढं काजवे. आणि शाळेत पहिलीच्या वर्गात एक जागा आहे, ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांच्याशेजारी बसून बोट धरून वाचून घ्यायचं. एवढंच काम. छोटं टेबल, छोट्या खुर्च्या, त्या मापाची मला सवयच आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, वेल्डा, तू हा एक कोर्स पास हो, डिसेंबरपर्यंत जागा ठेवते तुझ्यासाठी. या जागेसारखं मला आयुष्यात दुसरं काही हवंसं वाटलेलं नाही. एक ती चौथी सीट सोडली तर.

मग घातलं नाव. माझ्या स्वतःच्या. सगळं छान चाललेलं, कुत्र्याचं नावसुद्धा कळवलं, नवा पासवर्ड करून मग कळवलं. आणि सहावा आठवडा आला. वाचनाची माझी पहिली आठवण. आता सांग, मी काय करायला पाहिजे होतं? दुसरं लिहायचं? पहिली आठवण एकच असते. मी आजोबांच्या जागी परत बाबा केलं. मला वाटलं, माझीच वस्तू आहे, उसनी दिली होती, परत घेतली. पण यांच्याकडं एक यंत्र असतं. ते सगळ्यांचे जुने निबंध आठवणीत ठेवतं. त्यानं सांगितलं की वेल्डा प्रुइट यांचा मजकूर कोल्बी प्रुइट यांच्या मजकुराशी शंभरात एक्क्याण्णव जुळतो. फरक फक्त नऊचा. चोरी. पत्र आलं घरी. तीन पानं. मी तिन्ही वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत, आता मी वाचते सगळं. चोरी मान्य केली तर या कोर्सात नापास आणि वर्षभर कॉलेजचं दार बंद. नाही मान्य केली तर चौकशी, मूळ कुणी लिहिलं याची.

आणि मूळ कुणी लिहिलं हे निघालं तर कोल्बीचा कोर्स रद्द. तो कोर्स रद्द की वरचं तारांचं शिक्षण रद्द, शिक्षण रद्द की त्याला खांबावर कोण चढू देणार? पाळणा तयार आहे घरात. आणि लेसी—तिनं लग्न कुणाशी केलं? एका निबंधाशी केलं. तर मी ठरवलंय. मान्य करते म्हणणार. कोल्बीला विचारलं मी, तो म्हणाला, "आई, तुला बरं वाटेल ते कर," आणि मग कुत्र्याला बाहेर नेलं त्यानं, फार वेळ नेलं. पण बघ, तिसऱ्या पानावर, अगदी खाली, लिहिलंय की ज्यानं आपलं लिखाण दुसऱ्याला दिलं तोही तेवढाच दोषी. म्हणजे मुलाकडून घेतलं असं म्हणायची सोय नाही. म्हणून मी म्हणणार, त्यानं दिलं नाही, मी त्याच्या कंप्यूटरमधून त्याच्या नकळत काढलं. मुलाची गोष्ट आईनं चोरली. ती पहिलीतली जागा जाईल, जाऊ दे, मुख्याध्यापिकांना काय सांगायचं ते बघू. चौदा नंबर आहेच. —पण शब्द कसा वापरू? "घेतला" म्हणू की "चोरला"? चोरला बरं. "घेतला" म्हटलं की पुढं प्रश्न येतात.

तू लिहितेयस का हे? नाही ना? हं.

किती वाजले? दोनला पाच कमी. कुठं राहिली ही? लेसीला मी सांगितलंय की सही आहे, फॉर्मवर. तिनं काही विचारलं नाही. समजूतदार आहे. गाडीत सगळ्या रस्त्यात एकदाच बोलली, तो पूल ओलांडताना—म्हणाली, "आई, ती स्वयंपाकघरातली फरशी कुठल्या रंगाची होती?" मी म्हटलं, हिरवी, काळ्या चौकटीची, चुलीपाशी एक तुकडा उखडलेला. मग म्हणाली, "एवढंच ना, आई? आणखी काही नाही ना?" म्हटलं, एवढंच. पुलापलीकडं धुकं होतं.

—काय? असं काय बघतेस? मी काय वेगळं—

थांब.

मला का विचारलं तिनं? गोष्ट कोल्बीची. आजोबा कोल्बीचे. अनवाणी उभा कोल्बी. फरशीचा रंग कोल्बीला विचारायचा. मी हिरवी म्हटलं, एका दमात म्हटलं, उखडलेला तुकडासुद्धा सांगितला.

आणि मे महिन्यात—अगं, मे महिन्यात आम्ही सगळे कबरींवर गेलो होतो. दरवर्षी जातो ना आपण, गवत काढायचं, दगड धुवायचे, फुलं ठेवायची, मग तिथंच बसून जेवायचं. नवी सून म्हणून तिला म्हटलं, तू नुसती बस. ती नाही बसली. तिनं बाबांचा दगड घेतला धुवायला. टूथब्रश घेऊन बसली होती, अक्षरांमधलं शेवाळ काढत. आकड्यांमधलं. जन्मलेलं साल आणि गेलेलं साल. अर्धा तास बसली होती त्या आकड्यांपाशी, मी आवाज दिला, अगं चिकन गार होतंय, तर तशीच बसून. आणि घरी येताना कोल्बीला म्हणाली, तुझा वाढदिवस कुठल्या सालचा रे, मी विसरले. मी मागं बसले होते, मांडीवर रिकामी पातेली घेऊन. मला वाटलं, विसरली असेल.

चार वर्षांचा फरक आहे. वजाबाकी कुणालाही येते.

आणि ही तर सिलॅबस अकराव्या पानापर्यंत वाचणारी. मी काय समजत होते? मेपासून आता ऑक्टोबर. पाच महिने दर रविवारी माझ्या टेबलाशी बसून पाव खाल्ला तिनं, आणि एक शब्द नाही. आणि मी ताटं उचलतेय. तिला दिसत होतं गं. माझं बोट कुठं थांबतंय ते दिसत होतं तिला, आणि मला घाम फुटायला नको म्हणून—

आली. पायऱ्यांवर आवाज येतोय, आली ती. वही मीट. नाही, फाडू नकोस, मीट नुसती. —ये गं, ये, बस आधी, किती धाप लागलीय तुला. हे काय, दोन्ही माझ्यासाठी? हिला दे एक. ही पोर वाचनाचा कोर्स घेतेय, होलब्रुकबाईंचा, तिला सांगत होते मी की पहिल्या दिवशी आत जायचं, आणि दोघांना उत्तर लिहायचं, आणि... आणि काय ते... —हो. हो, मीच. मीच वेल्डा प्रुइट. आले. मान्य करायला आले, पत्रात लिहिल्याप्रमाणं, ते—

—तुझं दार उघडलं बघ पोरी. जा तू. जा म्हणते ना.

दोन मिनिटं थांबता का, साहेब? आत नका जाऊ, नुसते थांबा. —लेसी, तो कप खाली ठेव. इकडं बघ. मघाशी पुलावर तू विचारलंस ना, आणि मी म्हटलं, एवढंच.

एवढंच नाहीये.